साक्षीची वही

आमच्या घरातली सकाळ आत्याच्या गाण्याने व्हायची. उजेड नीट फुटलेला नसे, नाशिकच्या शरणपुरातल्या आमच्या बैठ्या घरांच्या ओळीवर धुकं उतरलेलं असे, आणि मागच्या मोरीत अंगावर पाणी घेता घेता मार्था आत्या देवाचं गीत म्हणायची. थंडीने आवाज मध्येच कापला की ती तेवढीच ओळ पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. देवाला अर्धवट ओळ द्यायची नाही, हा तिचा हट्ट. मग आईचा पंपाचा स्टोव्ह भर्र पेटायचा, पप्पांच्या रेडिओची खरखर सुरू व्हायची, आणि गोधडीत डोळे मिटून पडल्या पडल्या मला वाटायचं, हे सगळे आवाज कोणीतरी मुद्दाम माझ्यासाठी एकावर एक रचून ठेवले आहेत. अजूनही कधी पहाटे जाग आली तर मी डोळे न उघडता थोडी वाट बघते. शेजारच्या फ्लॅटमधल्या कुकरच्या शिट्टीखेरीज काही ऐकू यायचं नाही हे माहीत असतं, तरी बघते.

मार्था आत्या पप्पांची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आमच्याकडेच राहणारी. आई हॉस्पिटलात नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे मला वाढवलं ते बरंचसं आत्यानेच. रविवारी उपासना संपली की चर्चच्या मागच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून ती आम्हा दहा-बारा मुलांची शाळा घ्यायची. इतर ठिकाणची मुलं योना आणि मासा रंगवायची, आम्हीही रंगवायचो, पण रंगपेटी उघडण्याआधी आत्या विचारायची, "ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? आणि त्याला कोणी सांगितली?" बायबलातल्या बिरुया गावच्या लोकांवर तिचा फार जीव. पौलासारखा मोठा माणूस उपदेशाला आला, तरी ते लोक रोज शास्त्र उघडून बघायचे, हा म्हणतो ते खरंच तसं आहे का. "मग पौल रागावला का?" आत्या बोट वर करायची. "नाही," आम्ही एका सुरात. "का नाही रागावला?" याचं उत्तर मात्र तीच द्यायची. "कारण खऱ्याला तपासणीची भीती नसते. आपला देव सत्य आहे पोरांनो, मग उघडून बघायला घाबरायचं कशाला?"

प्रत्येकाकडे खाकी कव्हरची एक चाळीस पानी वही असायची. तिला साक्षीची वही म्हणायचं. लाल पेन्सिलीने आखलेले तीन रकाने: पहिल्यात आठवड्यात ऐकलेली एखादी गोष्ट, दुसऱ्यात ती कोणी सांगितली, तिसऱ्यात सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं का. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती गोष्ट पुढे कुणाला सांगायची नाही, असा नियम. खोटी साक्ष द्यायची नाही ही आज्ञा काही फक्त कोर्टातल्या माणसांसाठी नाही, नळावर उभ्या राहणाऱ्यांसाठीही आहे, असं ती बजावायची. नळावर सगळ्यांत जास्त वेळ तीच बोलत उभी असायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

इंदिरानगरच्या पलीकडे तेव्हा मळेच मळे होते. तिकडून भागाबाई डोक्यावर पाटी घेऊन यायची. पाटीत मेथी, कोथिंबीर, थंडीत शेवंतीही. आत्या तिला ओट्यावर बसवून चहा द्यायची आणि मुद्दाम माझ्यासमोर विचारायची, "काय गं भागाबाई, कॅनॉलला पाणी सुटलं म्हणे?"

"म्हनत्यात लोकं," भागाबाई बशीत फुंकर मारत म्हणायची. "म्या काय पाह्यलं नाय. माझ्या वावरात आलं का सांगते."

आत्याचा चेहरा खुलायचा. "बघ, ही खरी साक्षीदार. चर्चला येत नाही, पण माझ्या वर्गात असती तर पहिला नंबर होता." भागाबाईला या कौतुकाचं कारण कधीच कळलं नाही. "लय थंडी हाय आज," एवढं म्हणून ती पाटी उचलायची आणि धुक्यात शिरायची. ती दिसेनाशी झाली तरी शेवंतीचा वास दारात बराच वेळ राहायचा.

नाताळ जवळ आला की घराचं रूपच पालटायचं. करंज्या, शंकरपाळे, चकल्यांचे डबे भरायचे, गादीखाली इस्त्रीचे कपडे जायचे. केकचं पीठ आई एकाच दिशेने फेटायची. दिशा बदलली तर केक बसतो यावर तिचा गाढ विश्वास, आणि 'हे कोणी पाहिलंय' असं तिला विचारायची आत्याचीसुद्धा हिंमत नव्हती. मग पत्र्याचे डबे घेऊन आम्ही मुली बेकरीत जायचो. भट्टीपुढे रांग असायची आणि त्या रांगेत अर्धं शरणपूर उभं असायचं. जायफळाचा आणि करपत आलेल्या साखरेचा वास, भट्टीची ऊब, बाहेर बोचरी थंडी. माझी मैत्रीण रूथ डब्यांवर खडूने नावं घालायची. तास-दोन तास सहज जायचे, तोवर आम्ही काहीबाही बोलत राहायचो. त्या रांगेत आपण काय काय बोललो, हे कोण लक्षात ठेवतं?

आता सुलभाताईबद्दल सांगते. ती आमच्या चर्चची पेटी वाजवायची. चोवीस-पंचवीसची असेल, बालवाडीत शिकवायची. माझं तिच्यावर प्रेम होतं, सरळच सांगते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचं जसं एखाद्या ताईवर असतं तसं, उठताबसता तिचंच. ती एका हाताने भाता हलवायची, दुसऱ्या हाताची लांबसडक बोटं सुरांवरून पळायची, आणि गीतांच्या पुस्तकाची पानं उलटायचं काम माझ्याकडे होतं. मान किंचित हलवून ती खूण करायची आणि मी पान उलटायचे. त्या खुणेची वाट बघण्यात माझा आख्खा आठवडा जायचा. त्या डिसेंबरात ती सरावाला नुसतीच वाजवायची, गायची नाही, मध्येच तोंडाला रुमाल लावून खोकायची. नोव्हेंबरात तिला नांदगावचं स्थळ बघून गेलं होतं, रेल्वेत नोकरीला असलेला मुलगा, आणि नाताळानंतर साखरपुडा ठरत होता. सुलभाला काही फारसा उत्साह दिसत नाही, नाशिक सोडायचं तिच्या जिवावर आलंय, असं सगळे म्हणायचे. मला ते ऐकून बरं वाटायचं.

एक दिवस लीलामावशींनी, म्हणजे रूथच्या आईने, मला नळावर थांबवलं. त्या मूळच्या नामपूरच्या. जीव कळवळला की त्यांच्या तोंडी अहिराणी यायची. "सुलभासाठी प्रार्थना कर हं, एस्तू. टीबी झालाय म्हणे तिला, रक्त पडतंय. पोर कितली गुनी शे, वं माय!" माझ्या हातातली बादली तशीच राहिली. दोन दिवसांनी गायनमंडळातले याकोबकाका पप्पांना सांगत होते की तिला सॅनेटोरियममध्ये ठेवणार आहेत. आणि त्यानंतर आमच्या चर्चच्या पाळकांच्या बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आईला दारातच म्हटलं, "सुलभासाठी आपण सगळ्या एक दिवस उपास धरू या."

मी वही काढली. पहिल्या रकान्यात 'सुलभाताईला टीबी' लिहिताना अक्षर पुसट झालं, कारण मी रडत होते. दुसऱ्यात एकाखाली एक तीन नावं. तिसरा रकाना रिकामा होता. पण आत्यानेच आम्हाला हेही शिकवलं होतं की शास्त्राप्रमाणे दोघा-तिघांच्या साक्षीने गोष्ट पक्की होते. इथे तर तिघे होते, तिघेही मोठे, त्यातल्या एक तर पाळकांच्या बाई. आणि पुढे सांगायचं नाही हा नियम माणसांना सांगण्याबद्दल होता. देवाला सांगणं म्हणजे काही सांगणं नव्हे, असा माझा मी निकाल लावला.

नाताळाआधीच्या बुधवारी संध्याकाळी याकोबकाकांच्या घरी प्रार्थनासभा होती. आत्या गुडघे धरलेत म्हणून घरी राहिली होती. गाणी झाली, पाळकांनी विचारलं, "कुणाची काही विनंती?" कुणी परीक्षेसाठी सांगितलं, कुणी गावी गेलेल्या मुलासाठी. मी उभी राहिले. मोठ्यांच्या सभेत मी पहिल्यांदाच बोलत होते आणि माझे कान गरम झाले होते. "सुलभाताईला टीबी झालाय. देवाने तिला बरं करावं. तीन जणांनी सांगितलंय." सगळ्यांनी माना खाली घातल्या. खोलीत इतकी गोड शांतता पसरली की मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. माझ्या समोरच्या खुर्चीवर निळी शाल पांघरलेली एक पाहुणी बाई बसली होती, ती तर डोळे पुसत प्रार्थना करत होती. ती नांदगावच्या मुलाची मावशी होती, हे मला नंतर कळलं.

शनिवारी सुलभाताईच्या शेजारच्यांच्या फोनवर नांदगावहून निरोप आला. मुलीच्या तब्येतीला जपा, आम्ही सध्या थांबतो. रविवारी उपासनेला पेटीवर सुलभाताई होती, पण मान हलली नाही. पानं तिने स्वतःच उलटली.

वर्गात आत्याने त्या दिवशी गोष्ट सांगितलीच नाही. "एस्तेर, वही," एवढंच म्हणाली. एरवी ती मला एस्तू म्हणायची. तिने पान बघितलं, रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "या तिघांना कोणी सांगितलं?"

"माहीत नाही."

"मग विचारून ये. एकेका घरी जा. आजच."

ती दुपार मला स्वप्नासारखी आठवते. कोवळं, पिवळं ऊन, दारोदारी टांगलेले कागदी तारे वाऱ्यावर फिरत असलेले, आणि छातीशी वही धरून चाललेली मी. पाळकांच्या बाईंनी आधी माझ्या हातावर करंजी ठेवली. "मला याकोबभाऊ बोलले. मी तर फक्त प्रार्थना केली गं." याकोबकाका पेपर खाली ठेवून म्हणाले, "लीलाबाईंनी सांगितलं. सॅनेटोरियम? ते... ते आपलं मीच म्हटलं असेन. टीबी म्हटल्यावर तिथेच ठेवतात ना? मी काळजीपोटी बोललो, बाळ." लीलामावशी चकल्या तळत होत्या. "आमच्या रूथनेच सांगितलं, रुमालावर रक्त पडतंय म्हणून. आता रक्त पडतंय म्हणजे टीबीच की, दुसरं काय असणार?" आणि रूथ उंबऱ्यावर बसून शंकरपाळे खात होती.

"अगं, तूच नाही का सांगितलंस?" ती म्हणाली. "बेकरीच्या रांगेत. सुलभाताई खोकली तेव्हा रुमालावर लाल दिसलं म्हणून."

"मी रक्त म्हटलं होतं?"

रूथने विचार केला. "लाल म्हणालीस. पण लाल म्हणजे रक्तच ना?"

माझे तीन साक्षीदार म्हणजे एकच साक्षीदार होता, आणि तो मी होते. मी सोडलेलं वाक्य चार तोंडांतून फिरून, प्रत्येकाची थोडी थोडी माया लावून घेऊन, मोठं होऊन माझ्याकडे परत आलं होतं, आणि मी त्याला ओळखलं नव्हतं. खोटं असं कोणीच बोललं नव्हतं. आज इतक्या वर्षांनीही मला याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटते.

घरी आल्यावर आत्या ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "देवाला खोटी बातमी देऊन काय मिळवलंस? त्याला खरं ठाऊकच होतं. ऐकणारी सगळी माणसं होती." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "चूक माझीही आहे. साक्षीदार मोजायला शिकवलं, पण तिन्ही बादल्या एकाच नळावर भरल्यात का ते बघायला नाही शिकवलं." त्याच दिवशी तिने सगळ्यांच्या वह्यांत चौथा रकाना आखला: सांगणाऱ्याला कोणी सांगितलं.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी उपासनेत साक्ष द्यायची वेळ असते. देवाने वर्षभर कसं सांभाळलं, ते लोक उभे राहून सांगतात. मी उभी राहिले. "मी रुमालावर लाल पाहिलं. रक्त पाहिलं नाही. टीबी पाहिला नाही. तिघांनी सांगितलं असं मी म्हटलं, ते तिघांना माझ्याकडूनच गेलं होतं." एवढंच बोलून खाली बसले. पुढच्या बाकावरून लीलामावशींचा हुंदका आला, आणि मग याकोबकाका उभे राहिले, सॅनेटोरियमचं आपण जोडलं म्हणून. त्यांच्यामागून पाळकांच्या बाईही उभ्या राहिल्या.

दुपारी आत्याने मला करंज्यांचा डबा देऊन सुलभाताईच्या घरी पाठवलं. एकटीलाच. ती अंगणात बालवाडीचे लाल पतंगी कागदाचे तारे आवरत होती. मला बघून आत गेली, तो रुमाल घेऊन आली आणि पाण्याच्या घमेल्यात टाकला. पाणी गुलाबी झालं. "खोकला थंडीचा होता. कागद ओला झाला की रंग बोटांना लागतो, तोच रुमालाला," ती म्हणाली. "बघ नीट. आता तू पाहिलंस." मी रडायला लागले तेव्हा तिने ओल्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली. "जाऊ दे गं." पाळकांनी नांदगावला पत्र टाकलं. उत्तर आलं ते सभ्य होतं. त्यांनी दुसरीकडे शब्द दिला होता. पुढच्या रविवारी सुलभाताईची मान हलली आणि मी पान उलटलं. सगळे म्हणाले, बरंच झालं, तिलाही कुठे जायचं होतं. मी ते घट्ट धरून ठेवलं.

पुढे दहा-बारा वर्षांनी आत्या गेली आणि तिची सतरंजी माझ्याकडे आली. तोवर शरणपुरात सायबर कॅफे निघाले होते. मुलं प्रिंट काढून आणायची, "टीचर, हे खरं आहे, इंटरनेटवर आहे." मी विचारायचे, "या इंटरनेटचं आडनाव काय? राहतो कुठे?" पोरं हसायची, पण चारही रकाने भरायची. आणि दर नाताळात मी त्यांना रुमालाची गोष्ट सांगायचे. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं. शेवटी म्हणायचे, "देवाच्या दयेने फार काही बिघडलं नाही. सुलभाताईला तसंही नांदगावला जायचं नव्हतं."

एका वर्षी मोनिका नावाची दोन वेण्यांची मुलगी वहीवर पेन्सिल टेकवून बसली होती. "टीचर, तिला जायचं नव्हतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळे म्हणायचे."

"त्यांना कोणी सांगितलं?"

व्हरांड्यात सगळी मुलं माझ्याकडे बघत होती, आणि आतून पेटीचा आवाज येत होता, कारण सुलभाताई नाताळच्या गीतांचा सराव करत होती. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसून पानं उलटली होती. मोनिकाचा हात धरून मी आत गेले.

सुलभाताईच्या कानांजवळचे केस पांढरे झाले होते. तिने भाता थांबवला, माझा प्रश्न ऐकला, आणि पेटीच्या लाकडावरून बोट फिरवत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही आता जुनं झालं होतं.

"मला जायचं होतं गं," ती म्हणाली. "बघायला आले तेव्हा बाकी सगळ्यांनी स्वयंपाकाचं विचारलं. त्याने विचारलं, पेटी सोबत आणणार ना? खिडकीपाशी जागा करून ठेवतो म्हणाला."

मोनिकाच्या हातातली वही घेऊन मी तिने उतरवून घेतलेलं माझं वाक्य खोडलं. नवं लिहिताना माझं अक्षर पुन्हा तसंच पुसट झालं, तेव्हा झालं होतं तसं. "ताई," मी कसंबसं म्हटलं, "इतक्या वर्षांत हे कुणाला बोलली नाहीस?"

"मला कोणी विचारलंच नाही, एस्तू."